वल्हे डब्यात मावत नाही : जलक्रीडा खेळाडूंच्या प्रवासाविषयी मागणीपत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, पुणे
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई
आणि राज्यातील जलक्रीडा संघटनांचे सर्व पदाधिकारी

विषय : नौकानयन, कयाकिंग-कॅनोइंग आणि वॉटर स्कीइंगच्या स्पर्धांसाठी परराज्यात जाणाऱ्या खेळाडूंचा प्रवास, सामान आणि मुक्काम.

महोदय,

सुरुवात एका वल्ह्यापासून करतो, कारण आमची, म्हणजे जलक्रीडा खेळाडूंच्या संघटनेची, निम्मी कैफियत त्याच्या लांबीत आहे.

चार जणांनी वल्हवायच्या शर्यतीच्या नावेला आम्ही क्वाड म्हणतो. प्रत्येकाच्या हातात दोन, अशी तिला आठ वल्ही लागतात. एक वल्हे सुमारे २.८८ मीटर, म्हणजे जवळजवळ साडेनऊ फूट. कार्बन फायबरचे असल्याने वजन मात्र जेमतेम दीड किलो. आता हे वल्हे स्लीपरच्या डब्यात ठेवून पाहा. बर्थ सहा फुटांचा. बर्थखाली सरकवले तर उरलेले साडेतीन फूट पॅसेजमध्ये येतात आणि पलीकडच्या साइड लोअरवाल्याच्या चपलांपर्यंत पोहोचतात. चहावाला अडखळतो, म्हातारी माणसे अडखळतात, शिव्या पोरांना बसतात. मग पोरे उठतात, आठही वल्ही जुन्या चादरीत गुंडाळतात आणि पॅसेजच्या कडेने, वरच्या बर्थांच्या दांड्यांना सुतळीने बांधून टाकतात. रात्री आळीपाळीने एक जण जागा राहतो. गाठ सुटून वल्हे कोणाच्या डोक्यात पडले तर काय, ही भीती त्याला झोपू देत नाही. तो उद्याचा स्ट्रोक, म्हणजे नावेची लय धरणारा खेळाडू, असला तरी.

गेल्या मोसमात आमच्या एका संघाला हेही जमले नाही. गाडी सुटायच्या स्थानकावर सांगण्यात आले की एवढे लांब सामान डब्यात चालणार नाही, पार्सलने पाठवा. पार्सलच्या खिडकीवर सांगण्यात आले की या गाडीच्या लगेज व्हॅनमध्ये जागा नाही, पुढच्या गाडीने जाईल. दोन्ही कर्मचारी आपापल्या जागी बरोबर असतील. आमची त्यांच्याशी वैयक्तिक तक्रार नाही. खेळाडू वेळेवर पोहोचले, वल्ही दोन दिवसांनी पोहोचली. मधल्या दिवशी पात्रता फेरी होती. ती पोरांनी यजमान संघाकडून मागून आणलेल्या, मापात न बसणाऱ्या वल्ह्यांनी काढली. आपली वल्ही आली तेव्हा एकाच्या पात्याच्या टोकाला बोटभर चीर होती. मार्गदर्शकांनी तिला एम-सील भरले, वरून टेप गुंडाळली. त्या वल्ह्याने पोरे अंतिम फेरीत सहावी आली. अंतिम फेरीत नावा सहाच असतात हे सांगायला नको.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे : खेळाडू घरातून निघतो त्या क्षणी स्पर्धा सुरू झालेली असते, आणि ज्यांनी त्याला राज्याच्या नावाने पाठवले त्यांनी ती तिथपासूनच आपली मानली पाहिजे. आज ती पाण्यावर नाव उतरेपर्यंत पालकांची, मार्गदर्शकांची आणि नशिबाची मानली जाते.

या खेळाला प्रवास टाळता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. कबड्डीचे मैदान कुठेही आखता येते. २,००० मीटर सरळ, संथ, पुरेसे खोल पाणी आखता येत नाही. जिथे आहे तिथेच जावे लागते. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचेच पाहा. २०१५ साली केरळात शर्यती अलप्पुळाजवळ वेंबनाड तलावाच्या पाण्यावर झाल्या. २०२२ साली अहमदाबादेत साबरमतीवर. २०२३ साली गोव्यात चापोरा नदीवर. २०२५ साली उत्तराखंडात थेट टिहरी धरणाच्या जलाशयावर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खेलो इंडियाचा जलक्रीडा महोत्सव श्रीनगरच्या दल सरोवरात भरला. यात गोवा आणि अहमदाबाद तेवढे एका रात्रीच्या अंतरावर. बाकी कुठेही जायचे तर गाडीत एका रात्रीहून जास्त, बहुधा दीड दिवस, आणि टिहरीला जायचे तर गाडीतून उतरल्यावर पुन्हा घाटातली बस. पुण्याहून जम्मूला झेलम एक्सप्रेसने गेलेल्या कोणालाही विचारा, तिसऱ्या दिवशी पाठ कशी असते. त्या पाठीनेच वल्हे ओढायचे असते.

गोव्यातल्या स्पर्धेत महाराष्ट्राने २२८ पदके मिळवली, त्यांत ८० सुवर्ण. सर्व राज्यांत आपण पहिले आलो. त्या यशाचा आम्हालाही अभिमान आहे. पदकतक्ता मात्र हे सांगत नाही की कोण तिथे कसा पोहोचला.

आता मागण्यांकडे येतो. त्या एकसारख्या वजनाच्या नाहीत. काही एका परिपत्रकाने सुटतील, काहींना पैसे लागतील, आणि एक-दोन तर आम्ही आमच्याच संघटनांकडे करत आहोत.

रेल्वेकडे : सवलत आणि लांबी

मार्च २०२० पर्यंत राष्ट्रीय स्पर्धांना जाणाऱ्या खेळाडूंना द्वितीय आणि स्लीपर वर्गात ७५ टक्के सवलत मिळत असे. महामारीत ती इतर सवलतींबरोबर थांबली. दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती चालू राहिल्या. खेळाडूंची परत आली नाही. रेल्वेचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे : प्रत्येक तिकिटाच्या खर्चाचा मोठा वाटा रेल्वे आधीच सोसते. ते खरे असेल. परंतु खेळाडूची सवलत ही सरसकट प्रवाशांची सवलत नव्हे. ती वर्षातून दोन-तीनदा, मान्यताप्राप्त स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर, मोजक्या माणसांना मिळायची. तिचा बोजा रेल्वेच्या हिशेबात शोधूनही सापडणार नाही. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या शेतमजुराच्या मुलाच्या हिशेबात मात्र तो पहिल्याच ओळीत दिसतो. ही सवलत पूर्वीच्याच दराने पुन्हा सुरू करावी, अशी आमची मागणी आहे. ती केंद्राच्या अखत्यारीत आहे याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून राज्य शासनाने आपल्या बाजूने रेल्वे मंत्रालयाला लेखी शिफारस पाठवावी आणि तिची प्रत आम्हाला द्यावी.

सवलतीपेक्षाही आमचा जीव लांबीत अडकला आहे. रेल्वेच्या नियमाने स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान मोफत, आणि सोबतच्या पेटीचे माप १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर. आठ वल्ह्यांचे वजन मिळून १२ किलो. वजनाच्या हिशेबात आम्ही सज्जन, लांबीच्या हिशेबात गुन्हेगार. कयाकवाल्यांचे पॅडल सव्वादोन मीटरच्या आत, बऱ्याचदा मधून दोन तुकड्यांत सुटणारे. त्यांचे थोडे निभावते. आमच्यातल्या स्की करणाऱ्यांची स्लॅलम स्की १७० सेंटिमीटरच्या आसपास, तीही कशीबशी जाते. उडीच्या स्की मात्र दोन मीटरच्या वर. आमच्या वल्ह्यांचे तुकडे होत नाहीत.

म्हणून डब्यात नेऊ द्या, अशी आमची मागणीच नाही. डब्यात ते खरोखरच धोक्याचे आहे, आमच्या पोरांनाही आणि इतरांनाही. मागणी अशी : मान्यताप्राप्त स्पर्धेला जाणाऱ्या संघाच्या पत्रावर, त्याच गाडीच्या लगेज व्हॅनमध्ये तीन मीटरपर्यंतच्या वल्ह्या-पॅडल-स्कींच्या गठ्ठ्याला जागा राखून ठेवावी, ही जागा तिकिटासोबतच आगाऊ नोंदवता यावी, आणि सामान संघ ज्या स्थानकावर उतरेल तिथेच, त्याच वेळी उतरवून घेता यावे. पार्सलचे शुल्क आम्ही भरू. ते आजही भरतो. फक्त सामान आमच्याबरोबर पोहोचावे.

आमच्याच राज्य संघटनांकडे : संघ वेळेत जाहीर करा

रेल्वेला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. खरे सांगायचे तर आमच्या पोरांना वेटिंगची तिकिटे मिळतात याचे मोठे कारण रेल्वे नाही. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडते. संघनिवड मात्र बहुतेकदा स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी होते. कधी कधी निवड चाचणी संपल्यावर खेळाडू थेट स्थानकावर जातो. तोवर कन्फर्म तिकीट संपलेले असते. ऑनलाइन काढलेले वेटिंगचे तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होते, आणि मग खेळाडू जनरलच्या डब्यात उभा राहतो, हातात पॅडल आणि पाठीवर राज्याचे नाव असलेले जॅकेट. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, एकदा नव्हे.

निवड चाचणी स्पर्धेच्या किमान चाळीस दिवस आधी घ्यावी. राखीव खेळाडूंची यादी त्याच दिवशी लावावी, म्हणजे कोणी आजारी पडले तर तिकिटे बदलता येतील. फॉर्म शेवटच्या आठवड्यात बदलतो, हा युक्तिवाद आम्ही ऐकून आहोत. फॉर्म बदलतो, पण तीस तास उभ्याने प्रवास केला की तोही बदलतो, आणि वाईटच बदलतो. एवढे करूनही तिकिटे अडली, तर आयुक्तालयात एक अधिकारी नेमून त्याच्यामार्फत आपत्कालीन कोट्याची पत्रे जावीत. आज हे काम प्रत्येक जिल्ह्यातला मार्गदर्शक आपापल्या ओळखीतून करतो. ज्याची ओळख नाही त्याचा संघ उभा.

नाव कुठून आणायची

हा खरा मोठा प्रश्न, म्हणून इथे थोडे थांबतो.

वल्हे कसेही नेता येईल, नाव नाही. सिंगल स्कल, म्हणजे एकट्याची नाव, सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. आठ जणांची नाव सतरा मीटरच्या पुढे जाते. तिचे तुकडे जोडता येतात, तरीही ती ट्रकभर. रेल्वेने नेण्याचा प्रश्नच येत नाही. मग दोनच मार्ग उरतात : रस्त्याने ट्रेलरवर न्यायची, किंवा यजमान राज्याकडून तिथे मिळेल ती घ्यायची.

रस्त्याचे काय होते ते सांगतो. राज्यातल्या राज्यात, नाशिकहून पुण्याला वगैरे, आम्ही नावा छोट्या हत्तीवर, म्हणजे लहान टेम्पोवर, नेतो. मागचा हौदा सात फुटांचा, नाव सत्तावीस फुटांची. केबिनच्या वर बांबूचा घोडा बांधून त्यावर नावेचे नाक टेकवतात, शेपूट मागे लोंबते, तिला लाल फडके बांधतात. मागच्या खिडकीतून एक पोर सारखे पाहत असते. घाटात वळण आले की ओरडते, "सर, हळू!" एकदा महामार्गावर पोलिसांनी गाडी अडवली. त्यांनी काय आहे विचारले, आम्ही सांगितले, त्यांनी नावेवर हात फिरवला आणि दंड केला. दंड योग्यच होता. आमच्याकडे दुसरा उपाय नव्हता, एवढेच. हे असे नाशिक-पुणे चालते. टिहरीला किंवा श्रीनगरला चालत नाही.

म्हणून बहुतेक संघ यजमानांच्या नावा वापरतात. इथे बाहेरच्या वाचकाला वाटेल, चांगलेच की. पण शर्यतीची नाव म्हणजे भाड्याची सायकल नव्हे, सीट वर-खाली केली की झाले. वल्हे जिथे अडकते त्या रिगरची उंची, दोन रिगरांमधले अंतर, पाय टेकायच्या ठोकळ्याची जागा, त्यावरच्या बुटांचे माप, हे सगळे त्या खेळाडूच्या हातापायांच्या लांबीनुसार लावलेले असते. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. पाच फूट तीन इंचांची आमची मुलगी सहा फुटी मुलाच्या मापाने लावलेल्या नावेत बसली, तर तिची ताकद पाण्यात न जाता खांद्यात जाते. माप बदलायला पाना लागतो. आमच्या प्रत्येक खेळाडूच्या सॅकमध्ये दहाचा पाना असतो. विमानाने जाणाऱ्याने तो हाताच्या बॅगेत ठेवला तर सुरक्षेत जप्त होतो, म्हणून मोठ्या बॅगेत टाकायला शिकवावे लागते. आणि नाव हातात मिळते कधी? शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, उजेड जात असताना. मोबाइलच्या टॉर्चमध्ये वॉशर घालत, काढत, पुन्हा घालत आमची पोरे रात्रीचे जेवण चुकवतात.

इथे आमच्यातल्या स्कीवाल्यांनी एक मुद्दा मांडला. तो आम्हाला पटला, म्हणून जसाच्या तसा पुढे ठेवतो. आमच्या संघटनेत ते पाच-सहाच आहेत आणि त्यांच्या खेळाला इथे अजून फारसे कोणी ओळखत नाही. दल सरोवरातल्या महोत्सवातही वॉटर स्कीइंग प्रात्यक्षिक म्हणूनच होते. पण प्रवासाच्या बाबतीत त्यांच्या खेळाची जागतिक पद्धत आमच्यापेक्षा शहाणी आहे.

१९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात, लेक पेपिन या तळ्यावर, राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा पाइनच्या फळ्या वाफेने वाकवून, त्या पायांना बांधून बोटीमागे घसरला. तिथून हा खेळ सुरू झाला. त्याला प्रवास असा नव्हताच, तळे गावालाच लागून होते. आजचा व्यावसायिक स्कीपटू मात्र मार्चमध्ये मूम्बा मास्टर्ससाठी मेलबर्नच्या यारा नदीवर असतो आणि मे महिन्यात मास्टर्ससाठी जॉर्जियातल्या कॅलावे गार्डन्समध्ये, रॉबिन लेकवर. पैसा त्या खेळात फार नाही. स्लॅलमचा जागतिक विक्रम केलेली रेजिना जॅक्वेस ही अमेरिकन खेळाडू पेशाने फार्मासिस्ट आहे. आणि स्लॅलम म्हणजे तरी काय? पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटर, मार्ग २५९ मीटरचा, सहा बोया. एक फेरी सोळा सेकंदांची. फेरी जमली की दोर आखडतात. मूळचा १८.२५ मीटरचा दोर ११.२५ वर आला की गंमत होते. बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर, म्हणजे दोरच तिथे पोहोचत नाही. उरलेले अंतर खेळाडूने अंग ताणून काढायचे. एक बोया चुकला की खेळ संपला. अर्धे जग ओलांडून आलेला माणूस अर्ध्या मिनिटात घरी.

तरीही त्यांच्यातला कोणीही बोट घेऊन निघत नाही. बोट आयोजकांची. सगळ्यांना तीच बोट, तोच चालक, उपग्रहावर चालणारे तेच वेगनियंत्रण. खेळाडू आपली स्की, आपले हँडल आणि आपले जॅकेट घेऊन येतो. हरला तर बोटीला दोष देता येत नाही. पहिल्याने आणि शेवटच्याने एकच पाणी कापलेले असते.

नौकानयनात हे पूर्णपणे शक्य नाही, कारण आमची नाव अंगाच्या मापाची असते. परंतु निम्मे नक्की शक्य आहे, आणि ते निम्मे आम्ही मागतो. यजमान राज्याने कोणत्या नावा, कोणत्या बनावटीच्या, किती वर्षे वापरलेल्या आहेत याची यादी स्पर्धेच्या एक महिना आधी सर्व राज्यांना पाठवावी. वाटप चिठ्ठ्या टाकून, सर्वांसमोर व्हावे. यजमानांच्या स्वतःच्या संघाने त्याच चिठ्ठ्यांतून नाव घ्यावी. सगळ्यात नवी नाव घरच्या पोरांसाठी बाजूला ठेवण्याची रीत बंद व्हावी. वाटलेली नाव किमान दोन पूर्ण दिवस सरावासाठी खेळाडूच्या ताब्यात असावी. महाराष्ट्रात स्पर्धा भरेल तेव्हा हे सगळे आपणच आधी पाळावे, म्हणजे इतरांना सांगण्याचा आपल्याला अधिकार येईल. पुण्यात शर्यती भरतात तेव्हा बाहेरून आलेल्यांना आपण कशा नावा देतो, हे आम्हाला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

याशिवाय राज्याने एक ट्रेलर घ्यावा. फक्त एक. नावा ठेवायच्या रॅकसह, बारा-पंधरा नावा बसतील असा, लांबीच्या परवान्यासह. तो आयुक्तालयाच्या ताब्यात असावा आणि मोसमात जिल्ह्याजिल्ह्यांतून नावा गोळा करून स्पर्धेच्या ठिकाणी न्यावा. याला किती खर्च येईल याचा अंदाज आम्ही वेगळ्या कागदावर जोडायला तयार आहोत. आमच्या समजुतीप्रमाणे तो दोन मोसमांत फुटलेल्या नावांच्या दुरुस्तीहून जास्त नसावा.

कोणासाठी मागतो

महाराष्ट्रात नौकानयन म्हटले की लोकांना पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची नदीवरची रेगाटा आठवते. ते स्वाभाविक आहे. ती परंपरा शंभर वर्षांच्या घरातली आहे. पण गेल्या दशकात या राज्याचा सर्वांत मोठा नौकानयनपटू त्या नदीवर घडला नाही. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. प्यायच्या पाण्याची वानवा असलेले गाव, वडिलांबरोबर विहिरी खणायचे काम. वल्हे त्याने पहिल्यांदा धरले ते लष्करात गेल्यावर. २०१६ साली रिओत तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाडमध्ये सुवर्ण मिळवले. लष्कराने त्याला नाव दिली, पाणी दिले, आणि स्पर्धेला कसे जायचे हा प्रश्न त्याच्या डोक्यावर ठेवला नाही.

आमचा प्रश्न साधा आहे. तळेगाव रोहीच्या पुढच्या मुलाला आधी फौजेत जावे लागणार का?

उरलेल्या मागण्या

हलक्या वजनगटातल्या मुलांच्या जेवणाचे लिहायलाच हवे. पुरुषांना ७२.५ किलो, महिलांना ५९ किलो ही मर्यादा, आणि वजन शर्यतीच्या एक-दोन तास आधी होते. दीड दिवस गाडीत समोशावर काढून उतरलेली मुलगी पाणी प्यायला घाबरते, कारण काटा घाबरवतो. संघाच्या प्रवासभत्त्यात जेवणाची रक्कम वेगळी धरावी आणि ती निघण्याआधी व्यवस्थापकाच्या हातात पडावी, परत आल्यावर पावत्यांवर नव्हे.

मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असावी. रात्री अकरानंतर पोहोचणाऱ्या गाडीने मुलींचा संघ पाठवू नये. तसे करावे लागलेच तर स्थानकावर वाहन आधीच उभे असावे. यावर जास्त युक्तिवाद करण्याची गरज आम्हाला वाटत नाही.

विमा. आज तो असलाच तर स्पर्धेच्या दिवसांचा असतो. तो घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंतचा असावा, आणि त्यात खेळाडूचे साहित्यही धरावे.

शाळा-कॉलेजांना आयुक्तालयाकडून थेट पत्र जावे की प्रवासाचे दिवस हे स्पर्धेचेच दिवस आहेत. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचे कौतुक होते; हजेरी कमी पडली म्हणून प्रात्यक्षिकाला बसू न दिलेल्या मुलांचे कोणी लिहीत नाही.

आमच्या बाजूने

मागणाऱ्याने आपलेही काही बांधून घ्यावे, असे आमच्या सभेत ठरले. उसन्या नावेला धक्का लावायचा आणि न सांगता परत ठेवायची, ही खोड आमच्या खेळाडूंतही आहे. ती मोडायला आम्ही प्रत्येक उसन्या नावेचे घेताना आणि परत देताना फोटो काढू, नुकसान झाले तर लेखी कळवू आणि दुरुस्तीचा निम्मा खर्च संघटनेच्या निधीतून देऊ. प्रत्येक जिल्ह्यातून एक पालक प्रवासनोंदींसाठी नेमू. गाडी, तिकिटाची स्थिती, सामान कधी मिळाले, नाव कधी मिळाली, एवढ्या चारच रकान्यांची वही. मोसमाच्या शेवटी तिची प्रत आयुक्तालयाला देऊ. तिच्यावरून आमचे म्हणणे खोटे ठरले तर हे मागणीपत्र मागे घेऊ.

पुढच्या मोसमाच्या निवड चाचण्यांचे वेळापत्रक ठरण्याआधी आम्हाला भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. आम्ही सात जण येऊ, रेल्वेनेच येऊ. येताना एक वल्हे बरोबर आणू. दालनाच्या दारातून ते आत आणताना कोणी हात लावला नाही तरी चालेल. दार मात्र पूर्ण उघडे ठेवावे.

आपले,
संघटनेच्या कार्यकारिणीचे सदस्य